दैनंदिन गरजेच्या शंभर टक्के

माणूस काय खातो यावर त्याची प्रकृती अवलंबून असते, आणि आपण काय खातो हे त्याला फारसं कळू नये यावर पाकिटांचा खप अवलंबून असतो. या दोन्ही गोष्टी एकदम साधाव्यात म्हणून पाकिटाला दोन बाजू देण्यात आल्या आहेत. पुढच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या, एक हिरवं पान आणि सगळे दात दाखवून हसणारं एक कुटुंब असतं. मागच्या बाजूला खरं असतं. हे खरं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापून, पाकीट जिथे चिकटवतात त्या दुमडीत बसवलेलं असतं. (यात लबाडी नाही. जागाच तेवढी उरते. कुटुंब मोठं असतं.)

एका पाहणीनुसार (ही पाहणी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने गल्ल्यावर बसल्या बसल्या केली आहे) शंभर गिऱ्हाइकांपैकी नव्वद जण पुढची बाजू वाचतात, नऊ जण किंमत वाचतात, आणि उरलेला एक जण नुसता पत्ता विचारायला आलेला असतो. मागची बाजू वाचणारा माणूस त्याने उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे घड्याळजी.

घड्याळजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याच रस्त्यावर, आणि घर दुकानाच्या वर. गेल्या वर्षी त्यांची बायको वारली. तिच्या स्वयंपाकघरातल्या एकाही डब्यावर नाव नव्हतं. तिला डबा हलवून आवाजावरून कळायचं. घड्याळजींना टिकटिकीवरून घड्याळाचा आजार कळे, पण डब्यांचं हे शास्त्र त्यांनी कधी शिकून घेतलं नव्हतं. दोनदा चहात रवा पडल्यावर त्यांनी डबे बंद केले आणि पाकिटांवर आले. पाकिटावर निदान नाव लिहिलेलं असतं.

पाकिटांवर काही महिने काढल्यावर त्यांचं रक्त तपासलं गेलं. साखर वाढलेली निघाली, रक्तदाबही. मुलगी दुसऱ्या शहरात मोठ्या कचेरीत कामाला होती. तिने फोनवर निकाल दिला.

"बाबा, तीन महिने देते. पुढचा रिपोर्ट सुधारला नाही तर घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे. ज्याचा रिपोर्ट वाईट, त्याने एकटं राहायचं नाही. सरळ नियम आहे."

तिच्याकडे म्हणजे नवव्या मजल्यावर. तिथे एका खोलीत चालण्याचं यंत्र होतं, आणि त्यावर कपडे वाळत. कपडे वाळले की ती खोली बाबांना मिळणार होती. घड्याळजींना हे जमणारं नव्हतं. बायको जिथे होती ते घर सोडायचं आणि ती जिथे कधीच राहिली नाही तिथे जाऊन राहायचं, म्हणजे तिला एकटीला मागे ठेवून जाण्यासारखंच होतं. हे त्यांनी मुलीला सांगितलं नाही. "काय करू ते सांग," एवढंच म्हणाले.

"लेबल वाचून खा. डोळे झाकून काही तोंडात टाकू नका."

दुसऱ्याच दिवशी घड्याळजी डोळ्याला भिंग लावून किराणा दुकानाच्या फळीपाशी उभे राहिले. हे भिंग मनगटी घड्याळाचे स्क्रू बघण्याचं. त्याखाली बिस्किटांच्या पाकिटाची मागची बाजू वर्तमानपत्राएवढी दिसू लागली.

"काका, वाचायला घेताय की खायला?" दुकानदाराने विचारलं.

"वाचून खाणार."

"वाचलंत तर खाणार नाही," दुकानदार खिन्नपणे म्हणाला. (त्याला धंद्याचा अनुभव होता. घड्याळजींचा नव्हता.)

लेबलावर एक तक्ता होता. त्यात प्रथिनं, तंतू वगैरे किरकोळ मंडळींसमोर नुसते ग्रॅम लिहिले होते. साखर, मीठ आणि चरबी या तिघांसमोर मात्र टक्के होते, आणि टक्क्यांच्या डोक्यावर ठळक शब्द होते: दैनंदिन गरजेच्या. घड्याळजींनी ते पुन्हा वाचलं. सरकारने आणि कंपनीने मिळून माणसाच्या तीन गरजा ठरवल्या होत्या आणि कोणत्या पाकिटातून किती भागते तेही छापलं होतं. आपली तब्येत का बिघडली ते त्यांना लख्ख कळलं. आजवर अंदाजाने खाल्ल्यामुळे गरजा अर्धवट राहत होत्या. घड्याळाला अर्धीच चावी दिली की ते दुपारी बंद पडतं आणि गिऱ्हाईक घड्याळाला नावं ठेवतं.

त्यांनी अडगळीतून तीन मेलेली भिंतीवरची घड्याळं काढली, आतली यंत्रं काढून टाकली, प्रत्येकात एकच काटा ठेवला आणि स्वयंपाकघरात ओळीने टांगली. एक साखरेचं, एक मिठाचं, एक चरबीचं. सकाळी बाराचा आकडा म्हणजे शून्य, आणि फेरा पुरा करून काटा परत तिथे आला की शंभर टक्के. काही खाल्लं की लेबल बघून काटे पुढे सरकवायचे. रात्री तिन्ही काटे बारावर आले की दिवस पूर्ण झाला.

सकाळच्या बिस्किटांनी साखर बरी चाले. दुपारच्या झटपट नूडल्सनी मिठाचा काटा एका उडीत सहाच्या पलीकडे जाई. पण मग चरबी मागे पडे. तिच्यासाठी संध्याकाळी वेफर्स खावे लागत, आणि त्यात चरबी बाराच्याही पुढे जाई. जास्तीची चरबी उद्याच्या खात्यात धरावी का, याबद्दल लेबलावर मार्गदर्शन नव्हतं. ती त्यांनी देणगी समजून सोडून दिली.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. एकदा जेवणं उरकल्यावर मीठ आठ टक्क्यांनी कमी भरलं. पोटात तर तीळ मावत नव्हता. घड्याळजींनी डोळे मिटले आणि मूठभर खारे शेंगदाणे औषधासारखे गिळले. घरातल्या माणसाच्या गरजा भागवणं इतकं कष्टाचं असतं हे बायको होती तोवर त्यांना कळलं नव्हतं.

"लेबल वाचता ना?" मुलगी फोनवर विचारी.

"अक्षर न् अक्षर."

"आणि त्याप्रमाणेच खाता ना?"

"तंतोतंत. काल जरा कमी पडत होतं, पण भरून काढलं."

"शाब्बास, बाबा!" मुलगी म्हणे. तिला दुसरा फोन येत असे.

मध्यंतरी अंगाला सूज आली म्हणून ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी काय खाता ते विचारलं. घड्याळजींनी "लेबल वाचून खातो" म्हटल्यावर डॉक्टर खुर्चीत मागे टेकले.

"तुमच्यासारखे पेशंट हवेत हो. हेच चालू ठेवा. फक्त आणखी काटेकोरपणे."

घड्याळजींनी देणग्या बंद केल्या आणि वेफर्स मोजून खायला सुरुवात केली. किराणा दुकानदाराने त्यांच्यासाठी फळीपाशी स्टूल ठेवलं. वाचन वाढलं की खप कमी होतो, हा गैरसमज त्याने जाहीरपणे मागे घेतला.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. तो वाचायला भिंग लागलं नाही. सगळे आकडे लाल होते.

मुलगी बॅग घेऊन आली. बाबांचे शर्ट भरता भरता पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली.

"बाबा, या घड्याळांत तीन वेगवेगळ्या वेळा का?"

"ती वेळ दाखवत नाहीत. ते मीठ आहे. नव्वदवर आलंय, जेवणापर्यंत भरेल."

मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि ओट्याला टेकली.

"अहो बाबा, ती मर्यादा असते! तिच्या आत राहायचं असतं. तिथे पोचायचं नसतं!"

"मग गरज कशाला लिहिलंय? आता गरज कुणी अर्धी ठेवतं का?"

"असं कुठेही लिहिलेलं नसतं." तिने पाकीट हिसकावून घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, मोबाइलचा उजेड पाडला. शेवटी बाबांचं भिंग डोळ्याला लावलं.

"चुकीचं लिहिलंय," ती म्हणाली.

"छापलेलं आहे ते."

सकाळपासून ती उपाशी होती. डोकं चालेना म्हणून तिने पर्समधून धान्याची एक चपटी वडी काढली आणि कागद फाडून ओट्यावर टाकला. कागदावर पळणारी एक बाई होती आणि 'हलकं' असं लिहिलं होतं. घड्याळजींनी सवयीने कागद उलटा केला.

"हलकं आहे खरं. चाळीस ग्रॅम. साखर मात्र बेचाळीस टक्के. दिवसाला अशा किती खातेस?"

"जेवायला वेळ कुठे मिळतो हो? तीन. काम जास्त असलं की चार."

घड्याळजींनी साखरेचा काटा शून्यावर आणून पुन्हा फिरवायला घेतला. तो बाराला पोचला, पुढे गेला आणि दुसऱ्या फेऱ्याला लागला.

"मी निदान बारावर थांबतो गं," ते म्हणाले.

"माझी तब्येत ठणठणीत आहे," मुलगी तोंडातला घास गिळून म्हणाली, आणि ते सिद्ध करायला दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांसमोरच रक्त देऊन आली. संध्याकाळी रिपोर्ट आला. तिची साखर बाबांपेक्षा वर होती.

घड्याळजी बॅगेतले शर्ट काढून कपाटात लावू लागले.

"ज्याचा रिपोर्ट वाईट, त्याने एकटं राहायचं नाही," थोड्या वेळाने ते म्हणाले. "नियम तुझाच आहे."

"बाबा, मला नोकरी आहे."

"मग शनिवार-रविवार ये. दोन दिवस तरी वाचशील."

ती येऊ लागली. घराचं कुलूप पुढच्या रिपोर्टपर्यंत लांबणीवर पडलं. पहिल्या शनिवारी दोघांनी मिळून भोपळ्याची भाजी टाकली.

"आई मीठ किती घालायची?"

"मला काय माहीत? मी फक्त कमी झालंय म्हणायचो."

मग दोघंही पातेल्याकडे बघत उभी राहिली. भाजी एका बाजूने कच्ची आणि एका बाजूने करपलेली झाली. ती दोघांनी संपवली. भोपळ्यावर लेबल नसल्यामुळे काटे कुठे ठेवावेत हे ठरेना, म्हणून त्या रात्री ते शून्यावरच राहिले.

घड्याळजींना हसणाऱ्या वाचकांसाठी एक खुलासा करणं भाग आहे. त्यांना मागच्या बाजूचा अर्थ कळला नाही, हे मान्य. पण तो वाचण्यासाठी त्यांनी पाकीट उलटं तरी केलं होतं. तसं आपणही करतोच. सगळं खाऊन झाल्यावर, मान मागे टाकून, तळाचा चुरा तोंडात ओतण्यासाठी.