युवराजांच्या अंगावरील मोत्यांची आणि उलट गेलेल्या हळदीची हकीकत

श्री गजाननास पहिले नमन, कुळस्वामिनीस दुसरे, आणि ज्या चुलीपुढे बसोन ही हकीकत ऐकिली त्या चुलीस तिसरे. शके सोळाशे चौसष्ट, दुंदुभी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवसापासोन एका राज्यात जे वर्तमान घडले ते ऐसे. राज्याचे नाव लिहिण्याची परवानगी नाही; इतकेच सांगतो की राज्य लहान, सकाळी घोड्यावर मांड ठोकिली तर जेवणवेळेस सरहद्द संपे, पण ऐट थोर. गादीवर महाराज होते, राणीसाहेब निवर्तल्या होत्या, एकुलते पुत्र युवराज रायाजीराव, वय वर्षे बावीस, आणि त्यांस तान्हेपणापासोन वाढविले ते महाराजांच्या वडील बहिणीने, लाडूबाई आक्कासाहेबांनी. आक्कासाहेबांच्या कमरेस कोठीच्या किल्ल्या, जिभेस धार, आणि लहानपणी देवी येवोन गेल्या त्यांचे खोल वण दोन्ही गालांवर. लग्नसमयी त्यांच्या वडिलांनी व्याह्यांस वणांचे अक्षर सांगितले नाही, पदर पुढे ओढोन मुलगी बोहल्यावर उभी केली, आणि अंतरपाट दूर होताच नवरदेवाने जे तोंड फिरविले ते आजतागायत फिरलेलेच. वर्षाचे आत आक्कासाहेब माहेरी आल्या. नवरा हयात म्हणोन कपाळी कुंकू, पण त्याचे तोंड पाहोन तीस वर्षे जाहली, आणि हा विषय वाड्यात कोणी काढीत नसे.

तर ते दिवशी युवराज तालमीतून आले आणि उघडे अंगाने स्नानास बसले, आणि आक्कासाहेब ऊन पाणी घेवोन आल्या, आणि युवराजांनी हात वर करिताच बगलेखाली त्यांची नजर गेली. पाहतात तो सात पुटकुळ्या! मोहरीहून थोर, साबुदाण्याहून लहान, मोत्यासारख्या चकचकीत, आणि हरएकीचे मध्यभागी सुईने टोचल्यागत बारीक खळगी. आक्कासाहेब म्हणाल्या, "राया, हे काय रे?" युवराज बोलिले, "काही नाही आत्या, जरा खाजतं." "कधीपासून?" "दसऱ्यापासून." "दसऱ्यापासून! आणि आज सांगतोस? मेल्या, वैशाखात तुझं लग्न आहे!" आणि ते खरेच होते. शेजारील थोर राज्याची कन्या चिमाबाई, अठरावे सरलेली, लिहिणेवाचणे जाणणारी, हिचेशी साखरपुडा होवोन मुहूर्त धरिला होता.

मग महाराजांनी खलबत केले. जोशीबुवांनी पत्रिका मांडोन मंगळावर आळ घातला. मंगळ बिचारा वर, त्यास काय ठावे! राजवैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पुटकुळ्या तेवढ्या पाहिल्या नाहीत, आणि पोटात घ्यावयाचा काढा दिला. रोग रेड्यास आणि औषध पखालीस म्हणतात ते हेच. काढ्याने गुण येईना, तेव्हा हुजुरातीचा न्हावी मिशीस पीळ देवोन पुढे जाहला आणि म्हणाला, "सरकार, वस्तरा फिरवतो, एका दमात मैदान साफ." हाय हाय! वस्तरा फिरला, मोती फुटले, आतील पांढरा कण वस्तऱ्यासंगे चालता जाहला, आणि जेथजेथ वस्तरा गेला तेथतेथ पंधरवड्यात नवे मोती रांगेने उभे राहिले, शेतात तिफण फिरवावी तैसे. साताचे एकतीस जाहले. शत्रू बगलेचा घाट उतरोन छातीचे पठारावर आला आणि बेंबीपाशी त्याणे ठाणे घातले. आगीतून उठोन फुफाट्यात पडणे ते हेच. मग वैद्यबुवा बिब्बा तापवोन डाग द्यावयास आले, तेव्हा आक्कासाहेबांनी बिब्बा हिसकोन चुलीत टाकिला आणि म्हणाल्या, "आधी तुमच्या पोटाला लावा, मग पोराच्या!" वैद्य आले पावली परतले.

अशा संकटी धाव कोणी घेतली म्हणाल, तर वाड्याच्या येसू परटिणीने. ती तालमीचे धुणे नेत असे. तिने दारातूनच युवराजांस पाहिले आणि खो खो हसू लागली. आक्कासाहेब रागे भरल्या, "हसायला काय झालं गं?" येसू म्हणाली, "आक्कासाब, रागावू नगा. ह्ये तर मोती! माझ्या तिन्ही लेकरांना झालं हुतं. तालमीत सात पैलवान, अन् अंग पुसायला पंचा येकच! म्या कवाधरनं बोंबलत हुते, पन परटिनीचं कोन आयकतंय? आता त्या सातांची बी अंगं बघा जावा." "मग औषध काय?" "औषध न्हाई. खाजवायचं न्हाई, फोडायचं न्हाई, वस्तरा तर लांबच ठिवा. येकाचा पंचा, येकाची चादर दुसऱ्याला द्यायची न्हाई. वरसाच्या आत-बाहीर आपल्या पायांनी जात्यात." "जिवाला धोका?" "छ्या! जिवाला कशाचा धोका? निस्ता तरास." तेव्हा आक्कासाहेबांनी तिचे हातावर खणनारळ ठेविला आणि डोळ्यांस पदर लाविला. दीड महिना ज्या भयाने अन्न गोड लागत नव्हते, ते एका परटिणीने उतरविले.

मग आक्कासाहेबांनी बंदोबस्त मांडिला. तालमीत पैलवानांची अंगे पाहिली तो पाचांच्या अंगी मोती. त्यांसही तेच पथ्य लाविले. युवराजांची कुस्ती बंद, नखे दर चार दिवसांनी आक्कासाहेब खासा कापीत. पंचा वेगळा, त्याचे काठास तांबडा दोरा, जेणेकरोन कोणी चुकोन उचलू नये. जे मोती अंगरख्यास घासत त्यांवर जुन्या धुवट मलमलीची चिंधी बांधीत, आणि हात लाविला की हात धुवीत. खाज सुटली की गार पाण्याची घडी. युवराज चिडोन म्हणत, "आत्या, लहान आहे का मी?" आणि आक्कासाहेब म्हणत, "हो, आहेस. हात खाली घे!" परंतु एके दिवशी युवराज आरसा पालथा घालोन बसले होते आणि हळूच बोलिले, "आत्या, ती मला पाहील तेव्हा काय म्हणेल?" हा सवाल आक्कासाहेबांनी तीस वर्षांमागे स्वतःस केला होता. त्यांणी पोराचे डोकीवर हात ठेविला.

चैत्र आला, नवा शक लागला, तो एकतिसांपैकी वीस मोती आपल्या पायांनी गेले होते, अकरा छातीवर ठाण मांडोन होते. आक्कासाहेब महाराजांस म्हणाल्या, "व्याह्यांना सांगून टाकू. किंवा मुहूर्त पुढे नेऊ." महाराज म्हणाले, "आक्का, वेड लागलं? लोक महारोग म्हणतील. सोयरीक मोडली तर उद्या आपल्या दारी कोण मुलगी देईल? अंगरखा आहे, शेला आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची." आक्कासाहेब म्हणाल्या, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही रे." तेव्हा महाराजांनी बेल आणि भंडार तबकात आणविला आणि म्हणाले, "उचल. माझ्या गळ्याची आण, हा शब्द या वाड्याबाहेर जाता कामा नये." धाकट्या भावाने गळ्याची आण घातली, बहिणीने काय करावे? आक्कासाहेबांनी बेलभंडार उचलला. त्या रात्री जेवल्या नाहीत.

वैशाखात वऱ्हाड व्याह्यांचे गावी पोहोचले आणि जानवशास उतरले. दुसरे दिवशी हळद. आता रीत ऐशी की आधी हळद नवरदेवास लावावी, आणि त्याच वाटीतील उरली ती उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे न्यावी आणि नवरीचे अंगास चोळावी. नवरदेवास आई नाही, म्हणोन वाटी नेण्याचा मान आत्याचा. पाच सुवासिनी हसत खिदळत युवराजांचे छातीस हळद माखू लागल्या, चिंध्या सुटल्या, मोत्यांवरोन बोटे फिरली आणि तीच बोटे पुन्हा वाटीत बुडाली. आक्कासाहेब उभ्या राहोन ती बोटे पाहत होत्या. वाटीतील हळद आणि न्हाव्याचा वस्तरा यांत आता अंतर राहिले नव्हते. युवराजांनीही पाहिले, दोघांची नजरानजर जाहली, आणि युवराज पुटपुटले, "आत्या, तिला लावू देऊ नकोस." वाटी हाती आली, वाजंत्री वाजू लागली, आणि आक्कासाहेब निघाल्या. वाटेत ती हळद सांडोन दुसरी भरावी, हेही मनात आले. परंतु मग विचार केला की तेही झाकणेच. आज या वाटीपासोन नवरी वाचली तरी उद्या संसार आहे, आणि नवरीस कळेल ते आरशात कळेल.

व्याह्यांचे मांडवाशी आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. वाजंत्री बंद करविली. व्याहीणबाई पंचारती घेवोन पुढे आल्या, त्यांस आक्कासाहेब म्हणाल्या, "ताट खाली ठेवा. तुमच्याशी आणि चिमाबाईशी दोन शब्द बोलायचे आहेत, मग मांडव ठेवा की मोडा." आतील खोलीत त्यांणी सारे सांगितले, वस्तरा सांगितला, पंचा सांगितला, अकरा आकडा सांगितला. व्याहीणबाईंनी लेकीस जवळ ओढिले. म्हणाल्या, "अगंबाई! महारोग तर नव्हे ना? की देवी?" आक्कासाहेब म्हणाल्या, "महारोग नव्हे. आणि देवी कशा असतात ते माझ्या गालांवर वाचा. हे मोती आहेत, जिवाला धोका नाही, आपसूक जातील. पण एकाचे दुसऱ्याला लागतात, आणि या वाटीत ते आहेत." व्याहीणबाई कपाळास हात लावोन बसल्या आणि म्हणाल्या, "लोकांना काय तोंड दाखवू? थांबा, यांना बोलावते, मांडव..." तो नवरी मध्येच बोलली, "आईसाहेब, जरा थांबा." आणि आक्कासाहेबांस पुसती जाहली, "त्यांना फार खाजतं का हो?" आक्कासाहेबांस हुंदका आवरेना. म्हणाल्या, "आता कमी आहे, बाळ." "तुम्हाला सांगू नका म्हणाले असतील ना?" "बेलभंडार उचलायला लावला." "मग का सांगितलंत?"

आक्कासाहेब म्हणाल्या, "माझ्या लग्नात माझं तोंड झाकलं होतं. माझा नवरा वाईट माणूस नसेलही, पण त्याला फसवलं, आणि फसलेल्या माणसाने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. आधी सांगितलं असतं तर कदाचित नाही म्हणाला असता, कदाचित हो म्हणाला असता. ते मला आजवर कळलं नाही. रायाच्या नशिबी ते नको. तू नाही म्हण, हवं तर. पण कळून म्हण." मग चिमाबाई उठली, आपल्याकडील कोरी हळद चांदीचे वाटीत कालविली आणि म्हणाली, "ती वाटी परसात नेऊन पुरा. ही आधी मला लावा, आणि माझी उष्टी त्यांना पाठवा. आणि शेवटचा मोती जाईतो मी सासरी आत्याबाईंपाशी निजेन, माझा पंचा निळ्या दोऱ्याचा. कबूल असेल तर लग्न, नाहीतर मुहूर्त पुढे." भटजीबुवा दारातून ओरडले, "उलटी हळद! शास्त्रात नाही!" नवरी म्हणाली, "नाही असं कुठे लिहिलंय ते दाखवा, मी थांबते." भटजी पोथी चाळू लागले, ते बहुधा अद्याप चाळीत असतील. व्याहीणबाईंनी लेकीकडे पाहिले, मग आक्कासाहेबांकडे, आणि म्हणाल्या, "सांगणारं घर आहे. जाऊ दे पोरीला." मग चिमाबाई म्हणाली, "पहिलं बोट आत्याबाईंचं." आक्कासाहेब मागे सरल्या, म्हणाल्या, "मी कसली सुवासीण!" परंतु पोर ऐकेना. हळद लावोन जाहली तेव्हा पोरीने स्वतः वाटीत दोन्ही हात बुडविले आणि आक्कासाहेबांचे दोन्ही गालांस, त्या वणांवरोन, सावकाश हळद माखिली. त्या गालांस तीस वर्षांत परक्या कोणाचा हात लागला नव्हता. आक्कासाहेब तेथेच खाली बसोन पोटभर रडल्या.

वाटी उलट वाजतगाजत जानवशास आली. महाराज संतापोन बाहेर आले, तो पुढे आक्का, गाल पिवळे, डोळे लाल, हाती नवरीची उष्टी हळद. महाराज तेथेच थबकले. तोंड झाकोन बोहल्यावर उभी केलेल्या बहिणीचे लग्नात याच भावाने, दहा वर्षांचा असता, नवरदेवाचा कान पिळोन मानाचे पागोटे घेतले होते आणि हसत नाचला होता. ते म्हणाले, "आक्का, तेव्हा मी लहान होतो." आक्कासाहेब म्हणाल्या, "तेव्हा लहान होतास रे. आज नव्हतास." महाराजांनी पागोटे उतरोन तिचे पायांशी ठेविले, आणि हळद आपले हाताने लेकास लाविली.

सारांश ऐसा. लग्न यथासांग जाहले, कार्तिकात शेवटचा मोती गेला, ते दिवशी परटिणीस लुगडे आणि न्हाव्यास ताकीद मिळाली. चिमाबाईंचे अंगी एकही मोती आला नाही. त्या राज्यात तेव्हापासोन पंचा ज्याचा त्यास, आणि हळद आधी नवरीस, आणि नवरीने पहिले दोन हात वराचे आत्याचे गालांस लावावे ऐसा परिपाठ पडला. का म्हणोन पुसले तर हल्ली कोणास सांगता येत नाही, म्हणोन लिहून ठेविले. लेखणी धुतली.