एवढंसं पुडकं

एका जंगलात सगुणाबाई नावाच्या सायाळबाई राहत होत्या. सायाळ म्हणजे काय हे ज्या मुलांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सायाळीच्या पाठीवर लांब लांब काळेपांढरे काटे असतात. एकदा हात लावून पाहिला की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

सगुणाबाईंची मुलगी रेवती लग्न करून तिकडे गेली होती. तिकडे म्हणजे कुठे, असं विचारू नका. जंगलात कुणी 'तिकडे' म्हटलं की वाटेत समुद्र लागतो आणि तिथे सगळं स्वच्छ असतं, इतकं समजून गप्प बसायचं असतं.

तर रेवतीला दिवस गेले होते. पहिलंच बाळंतपण होतं. आणि सायाळींमध्ये ह्या बाबतीत एक रीत आहे. बाळ जन्मतं तेव्हा त्याचे काटे केसांसारखे मऊ असतात. बाळंतिणीचेही काटे त्या दिवसांत ढिले पडतात. म्हणून बाळाचे काटे टणक होईपर्यंत त्याच्या आजीने बिळाच्या तोंडाशी बसायचं. पाठ बाहेर करायची आणि सगळे काटे उभे ठेवायचे. ह्याला पाठराखण म्हणतात.

रेवतीचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, काही आणू नकोस हं. इथे सगळं मिळतं."

"डिंक मिळतो?"

"डिंकसुद्धा मिळतो. आई, ऐक तरी. इथे एक लांडगा आहे. रोज दुपारी येतो, बिळापाशी हुंगतो आणि जातो. ह्यांना सुट्टी नाही. तू फक्त ये. काट्यांसकट ये."

"अगं, काट्यांशिवाय कशी येईन? काहीतरीच तुझं!"

हे वाक्य लक्षात ठेवा. सगुणाबाईंनी ठेवलं नाही.

तिकडे जाण्यासाठी करकोच्यांची उड्डाणसेवा होती. करकोचे टोपली चोचीत धरून समुद्रापार नेत. टोपलीत एक प्रवासी आणि एक बॅग, आणि बॅगेचं वजन ठरलेलं. सगुणाबाईंनी बॅगेत डिंकाचे लाडू भरले. बाळासाठी शेवरीच्या कापसाची दुपटी घेतली, बाळंतशोपा घेतली, आणि थंडीत लागेल म्हणून स्वतःची शाल घेतली. बॅग अर्धी रिकामी राहिली.

मुलांनो, अर्धी रिकामी बॅग ही फार धोक्याची गोष्ट आहे. तिची बातमी आपोआप पसरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांडोरबाई आल्या. त्यांचा पुतण्या तिकडे शिकायला होता. "कुरडया आहेत. एवढंसं पुडकं आहे हो. वजनच नाही त्याला." मग अस्वलकाका गुळाच्या ढेपेचा तुकडा घेऊन आले. "एवढासाच आहे," ते म्हणाले आणि तो दोन्ही हातांनी उचलून त्यांनी ओट्यावर ठेवला. मग माकडांकडून पापड आले. मुंगसांकडून सांडगे आले. प्रत्येकजण जाताना एकच वाक्य बोलत होता, "काय आहे, तिकडे मिळत नाही ना!"

सर्वांत शेवटी धुरपा लांडगीण आली. तिने सुकटाची चटणी आणली होती. चटणी डब्यात, डबा पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ती तिसऱ्या पिशवीत होती. तरी वास बाहेर उभा होता.

"आमच्या खंडूला द्या. गेला तो गेलाच मेला. फोन करत नाही की काही नाही."

"पत्ता?" सगुणाबाईंनी विचारलं.

"तिकडेच असतो. कुणालाही विचारा."

सगुणाबाईंच्या मनात आलं, नाही म्हणावं. पण परत येऊन ह्याच जंगलात राहायचं होतं. त्या म्हणाल्या, "द्या हो. एवढंसं तर आहे."

सगुणाबाईंचे यजमान भिकाजीराव हे शिस्तीचे गृहस्थ होते. ते आधी एकटे वजनकाट्यावर उभे राहिले. मग बॅग घेऊन उभे राहिले. मग डोळे मिटून वजाबाकी केली आणि म्हणाले, "जास्त होतंय. काहीतरी काढायला हवं."

"काय काढू?"

"लोकांचं कसं काढणार? आपलं काढ."

म्हणून लाडू निघाले. मग दुपटी निघाली, बाळंतशोपा निघाली. शेवटी शाल काढली तेव्हा वजन बरोबर बसलं. भिकाजीरावांना फार समाधान वाटलं. त्यांनी बॅगेला चारी बाजूंनी सुतळी आवळली आणि वर ठळक अक्षरांत आपलं नाव लिहिलं.

उड्डाणतळावर रांग होती. सगुणाबाईंच्या पुढे एक नाग होता. करकोचा कारकुनाने त्याला विचारलं, "द्रवपदार्थ काही?" नागाने विष दाखवलं. कारकुनाने ते छोट्या बाटलीत काढायला लावलं, बाटली पारदर्शक पिशवीत ठेवायला लावली आणि म्हणाला, "नियमात बसतंय. चला पुढे."

मग सगुणाबाईंची पाळी आली. बॅग काट्यावर चढली. काटा बरोबर मर्यादेच्या रेघेवर थांबला.

"छान," कारकून म्हणाला. "आता काटे."

"कुठले काटे?"

"पाठीवरचे. धारदार वस्तू टोपलीत चालत नाहीत. बॅगेत टाका."

"बॅगेत जागा नाही हो."

"मग बॅगेतलं काढा, नाहीतर काटे ठेवून जा. परत येताना मिळतील. मागे रांग आहे, बाई."

सगुणाबाईंनी बॅगेकडे पाहिलं. कुरडया काढाव्या, तर लांडोरबाई वर्षभर सगळ्यांना सांगत फिरल्या असत्या. गूळ काढावा, तर अस्वलकाका मनाला लावून घेत. आणि धुरपाबाईंची चटणी काढून धुरपाबाईंना तोंड कसं दाखवायचं? रेवती तर घरचीच. ती समजून घेईल. सगुणाबाईंनी अंग झाडलं. सगळे काटे खळकन खाली पडले. कारकुनाने ते एका ट्रेमध्ये गोळा केले आणि शांतपणे "पुढचे" म्हणाला.

तिकडे खरंच सगळं स्वच्छ होतं. रेवती अवघडल्या अंगाने बिळाच्या दाराशी आली. तिने आईला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, काटे?"

"काउंटरवर राहिले गं."

"आणि बॅगेत काय आहे?"

"लोकांचं."

 रेवती आत गेली आणि हुंदके देऊन रडली. सगुणाबाईंना जन्मात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

लवकरच बाळ झालं. गुलाबी, मऊ, केसाळ मुलगी होती. जावई सकाळी कामावर गेले. रीत मोडायची नाही म्हणून सगुणाबाई बिळाच्या तोंडाशी पाठ बाहेर करून बसल्या. उघड्या पाठीला गार वारा लागत होता.

दुपारी लांडगा आला. तो बराच वेळ मागे उभा राहिला.

"बाई, तुमची पाठ रिकामी आहे."

"आहे खरी," सगुणाबाई म्हणाल्या.

"मग बाजूला व्हा."

"नाही होणार."

लांडग्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि तिथेच थांबला. नाक वर करून त्याने हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"हा वास कसला?"

"सुकटाच्या चटणीचा. आमच्या धुरपाबाईंनी दिली आहे. त्यांचा खंडू असतो इकडे."

लांडगा मटकन खाली बसला. "मीच की खंडू," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "मावशी, द्या ना."

आता सगुणाबाई काही वेड्या नव्हत्या. सबंध डबा दिला तर लांडगा तो दोन घासांत संपवणार, आणि चटणीने तोंड खवळलं की पुढे काहीतरी लागणार. त्यांनी पानाच्या टोकावर थोडीशी चटणी काढली.

"एवढीशीच आहे रे. राहिलेली उद्या."

खंडूने पान चाटलं, मावशीला नमस्कार केला आणि गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला हजर. मग रोजच येऊ लागला. चटणी चाटता चाटता बोलायचा. इकडचं मांस बर्फातलं असतं. कुणी कुणाकडे न कळवता जात नाही. आई आता थकली असेल. सगुणाबाई सगळं ऐकून घेत.

"बाळ कसं आहे, मावशी?"

"बरं आहे."

"बाळसं धरलंय का?"

"नाही रे. अगदीच किडमिडीत आहे."

चटणी संपली तेव्हा सगुणाबाईंनी कुरडया तळल्या. कुरडया संपल्या, मग सांडगे, मग पापड. मग गूळ फोडून एक एक खडा दिला. ज्यांची ती पुडकी होती त्यांना काय सांगायचं, ते सांगताना बघू, असं त्यांनी ठरवलं. बॅग रोज हलकी होत होती आणि बाळाच्या पाठीवरून त्या रोज हळूच हात फिरवून बघत होत्या. काटे अजून मऊच होते.

शेवटी बॅगेत नुसती सुतळी उरली.

"मावशी, आज काय?" खंडूने विचारलं.

"आज काही नाही, बाबा."

खंडूने ओठांवरून जीभ फिरवली. "वाईट वाटतं हो, मावशी," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. मग त्याने सगुणाबाईंना अलगद बाजूला सारलं आणि बिळात तोंड घातलं.

आत बाळाने कूस बदलली. पाठ दाराकडे झाली.

खंडू असा ओरडला की शेजारच्या बिळांतून तक्रारी आल्या. त्याच्या नाकात एक इवलासा, पण चांगला टणक काटा घुसला होता. रेवती हसू लागली. सगुणाबाई बाळाला पोटाशी घेऊन ढसाढसा रडल्या.

खंडूने नाक चोळलं.

"मावशी, परत कधी निघताय?"

"पुढच्या महिन्यात."

"आईसाठी एक पुडकं देईन म्हणतो. एवढंसंच आहे."

सगुणाबाईंनी ते आणलं. उड्डाणतळावर त्यांनी आपले काटे मागितले, तेव्हा कारकून म्हणाला की त्यांचं घरटं केलंय आणि आता त्यात अंडी आहेत. जंगलात पोचल्यावर शेजारी जमले. "आमचं पोचलं का हो?"

"सगळ्यांचं पोचलं," सगुणाबाई म्हणाल्या. "कणभर उरलं नाही."

तात्पर्य: परदेशी जाताना आपल्याला काय लागेल ह्याचा विचार करत बसू नये. शेजारच्या लांडगीणबाईंना काय पाठवायचं आहे, तेवढं विचारून घ्यावं. काटे काय, पुन्हा उगवतात. सुकटाची चटणी तिकडे मिळत नाही.