किटलीतलं भूत आणि भावार्थ

"पण भूत किटलीत बसलंच कशाला?" प्रबोधने विचारलं आणि पोळी लाटणाऱ्या नीताने पिठाच्या हातानेच कपाळ धरलं.

त्यांच्या लेकीच्या, गार्गीच्या शाळेत काव्यवाचनाची स्पर्धा होती. बाईंनी तिला राणी व्हिक्टोरियाच्या काळातली एक इंग्रजी कविता दिली होती, जिला ना शेंडा ना बुडखा. मुंडकं नसलेलं भूत तीन हॅट घालतं, किटलीत बसून वाफेवर चंद्राला जातं आणि तिथे एका छत्रीला जेवायला बोलावतं. बस्स, एवढंच! स्टेजच्या नावानं घाबरणारी गार्गी ही कविता मात्र लिफ्टमध्ये, आंघोळीत, दात घासताना म्हणायची आणि स्वतःच खिदळायची. ती प्रथमच आपणहून स्टेजवर जाणार म्हणून नीता हरखली होती.

प्रबोधला मात्र बिनअर्थाची कविता सहन होईना. परदेशात, बुओना व्हिस्टातल्या कंपनीत तो मॅनेजर असला, तरी पुण्याच्या शाळेत 'कवीला काय म्हणायचे आहे?' या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवलेला माणूस होता. त्याने बाईंना ईमेल करून भावार्थ विचारला. 'अर्थ काही नाही, मजा घ्या,' असं उत्तर आलं.

"बाईंचा अभ्यास कच्चा आहे," प्रबोध म्हणाला आणि स्वतःच कामाला लागला. "हे बघ गार्गी, हॅट म्हणजे सत्ता. छत्री म्हणजे गरीब जनता."

"आणि किटली?"

किटलीपाशी मात्र घोडं अडलं. मग त्याने तुआस बंदरात बोटीवर मरीन इंजिनिअर असलेल्या मित्राला, निशिकांतला फोन लावला. निशिकांतने विषय फारच मनावर घेतला.

"जमणार नाही रे! एवढ्याशा किटलीची वाफ चंद्रापर्यंत पुरेल? पाणी वाटेतच संपणार. खाली पडेल ना ते भूत!"

फोन स्पीकरवर होता. गार्गीचं हसू तिथेच मावळलं.

त्यानंतर ती 'किटली' या शब्दाला अडखळायला लागली. शनिवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी तिने सायकल थांबवून तिथल्या मुलांच्या बोलीत सांगून टाकलं, "आय डोन्ट वॉन्ट टू डू इट. भूत पडणार आहे. नॉट फनी एनीमोर, लाह."

"झालं समाधान?" नीता कडाडली. "स्टेजवर जायला निघालेली पोर! सोमवारी स्पर्धा, आणि तू तिचं भूतच मारून टाकलंस!"

मेलेल्याला कोण मारणार, असं प्रबोधच्या ओठांवर आलं होतं, पण नीताचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. त्याला खरंच वाईट वाटलं. काय करावं ते सुचेना, तेव्हा तो स्वतःच कविता म्हणायला लागला आणि दुसऱ्याच ओळीला त्याने छत्रीच किटलीत बसवली.

"नो, बाबा! छत्री जेवायला येते!" गार्गी वैतागली आणि कसं म्हणायचं ते दाखवायला तिने अख्खी कविता एका दमात म्हटली. शेवटी तिला हसूही फुटलं.

"पण छत्री जेवते कशी..." प्रबोधने तोंड उघडलं. नीताने त्यात शहाळ्याची स्ट्रॉ खुपसली.

सोमवारी गार्गीने हॉल हसवून सोडला. परीक्षकांनी गमतीत विचारलं, "हे भूत किटलीतून चंद्रावर पोचलं कसं?"

प्रेक्षकांत बसलेला प्रबोध खुर्चीच्या कडेला सरकला.

"नोबडी टोल्ड हिम कॅनॉट," गार्गी म्हणाली आणि नेमकं बाबाकडे बघितलं. टाळ्या थांबेनात. प्रबोधची मान मात्र खाली गेली.

संध्याकाळी निशिकांतचा फोन आला. "अरे, मार्ग सापडला! वाटेत ढगांतून पाणी भरून घ्यायचं. पोचतंय आरामात!"

नीताने प्रबोधकडे रोखून पाहिलं. आता हा पुन्हा सत्ता आणि जनता सुरू करणार, म्हणून ती फोन हिसकावून घेणार होती.

पण प्रबोध गंभीरपणे म्हणाला, "परतताना काय करशील? छत्रीला घरी सोडायला बरोबर घेतलं आणि ती वर उघडली, तर ढगातलं पाणी किटलीत पडेल का?"