अडगळीच्या खोलीतली कॉफी

घर विकणं हे घरमालकाच्या हातात नसतं, घेणाऱ्याच्या नाकात असतं, असा शोध काकांनी लावला होता.

"माणूस भिंती बघत नाही गं, माणूस वास घेतो!" ते काकूंना म्हणाले. "आपलंच बघ. ते पलीकडच्या इमारतीतलं तळमजल्यावरचं घर बघायला गेलो, तर आत केक भाजत होता. तू अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्यास आणि म्हणालीस, हेच घ्यायचं!"

"मी गुडघ्यामुळे म्हणाले."

"गुडघ्याने सुचवलं. ठरवलं नाकाने!"

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाजारातून येताना काकू प्रत्येक मजल्यावर थांबून लोकांच्या दारावरच्या पाट्या वाचत असल्याचं नाटक करायच्या. पाट्या कधीच पाठ झाल्या होत्या. काकांनी एकदा वरच्या कठड्यावरून हे वाचन पाहिलं आणि त्याच संध्याकाळी घर विकायला काढलं. पण बघायला येणारे धापा टाकत येत, तांब्याभर पाणी पीत आणि "कळवतो" म्हणून जात. कोणी कळवत नसे. तळमजल्याचे मालक आता आठवडाभरच थांबणार होते.

केक काकांना येत नव्हता. कॉफी येत होती. किंबहुना निवृत्त झाल्यापासून तेवढंच येत होतं. जन्मभर औषधाच्या दुकानात गोळ्या मोजलेला माणूस, तो कॉफीही औषधासारखीच करायचा. बिया हाताने दळायच्या. काचेच्या भांड्यावर चिनी मातीची शंकूसारखी गाळणी ठेवायची, तिच्यात कागद बसवायचा, कागदात पूड घालायची आणि बगळ्याच्या मानेसारख्या चोचीच्या किटलीतून बारीक धारेने, गोल गोल, गरम पाणी सोडायचं. पहिल्या पाण्याला पूड फुगून वर येई, तेव्हा घरात कोणी बोलायचं नाही असा नियम होता. तेवढ्या वेळात काकू आपला चहा करून, पिऊन, कप विसळून मोकळ्या होत.

"नीट ऐक," काका म्हणाले, "कॉफी दिसली की तो पाहुणचार. दिसली नाही की तो घराचा सुगंध! म्हणून सगळं अडगळीच्या खोलीत मांडतो. तू कॉफीचा क सुद्धा काढायचा नाही."

"मी चहाचा च काढू का?"

"काहीच काढू नकोस!"

बेल वाजली तेव्हा पहिलं पाणी घालून झालं होतं. आले होते पाणीखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आणि त्यांच्या पत्नी. आश्चर्य म्हणजे दोघांनाही धाप लागली नव्हती.

"आम्हाला वरचाच मजला हवा," साहेब म्हणाले. "तळमजला म्हटला की ओल आलीच. अख्खी नोकरी गळत्या शोधण्यात गेली हो. आता गळकं घर नको, एवढीच अट."

"इथे काय गळणार!" काका छाती काढून म्हणाले.

"वास किती छान येतोय! कॉफीचा का?" बाईंनी विचारलं.

"कॉफी? छे! घराचाच आहे तो."

काकू छताकडे बघत बसल्या. तेवढ्यात ऐकू आलं. टप. टप. टप.

साहेबांचे कान मांजरासारखे वळले. "गळतंय."

"काय गळतंय?"

"पाणी."

"मला तर काही ऐकू येत नाही. घड्याळ असेल."

"घड्याळ बंद आहे तुमचं," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"आलोच हं!" म्हणून काका अडगळीच्या खोलीत पळाले. आता कॉफी उचलून लपवावी, तर सुगंध जाणार. न उचलावी, तर टप टप चालू. औषधाच्या दुकानातली बुद्धी कामी आली! थेंब थेंब पडतं म्हणून आवाज होतो. भरपूर ओतलं की धार लागेल, आणि धार लागली की टप टप बंद! त्यांनी अर्धी किटली भसाभसा ओतली आणि हसत बाहेर आले.

साहेबांनी मान तिरकी केली. "वाढली!"

"आलोच हं!" काका पुन्हा आत. किटलीत राहिलं होतं तेही ओतलं.

बाई काकूंच्या जवळ सरकल्या. "त्यांना सारखं जावं लागतं का हो?"

"कोणी आलं की जावं लागतं," काकू म्हणाल्या.

काका परत येऊन जेमतेम टेकले, तोच अडगळीच्या दाराखालून एक तपकिरी ओघळ बाहेर आला. थोडा थांबला, वाट ठरवली आणि थेट साहेबांच्या बुटांकडे निघाला.

"गंज!" साहेब गुडघ्यांवर बसले. "पाइप आतून पार सडलाय!"

बाईंनी पर्स उचलली. कॉफी म्हणावं तर खोटे ठरतो, नाही म्हणावं तर घर गंजलेलं! काका तसेच उभे राहिले, दुकानात चुकीची बाटली दिल्यासारखे. आणि मग काकू उठल्या. भिंतीचा आधार घेत, कण्हत, कित्येक महिन्यांत वाकल्या नव्हत्या तेवढ्या वाकल्या, ओघळात बोट बुडवलं आणि चाटलं.

"अगं बाई!" बाई किंचाळल्या.

"पाणचट झालीय," काकू म्हणाल्या. "तुम्ही फार ओतलंत हो."

साहेबांनी दार उघडलं. स्टुलावर भांडं काठोकाठ भरून वाहत होतं.

"तिचे गुडघे..." काका एवढंच म्हणाले. "जिना चढवत नाही तिला. म्हणून हा सगळा..."

साहेबांनी घरातले सगळे नळ सोडून पाहिले, बंद करून पाहिले, भिंती ठोकल्या. एक थेंब कुठे गळत नव्हता. मग ते किटलीकडे वळले. "चोच चांगली आहे. पण धार कशी सोडलीत ही? दाब एकसारखा हवा. करा बघू पुन्हा!"

काकांनी पुन्हा केली. पूड फुगली. कोणी बोललं नाही. साहेबांनी दोन कप घेतले, तिसऱ्याला म्हणाले, "घर घेतो. मात्र हे सगळं घरासोबत. किटलीसकट."

घराची किंमत तिथल्या तिथे ठरली होती. किटलीला वेळ लागला. काकांनी तिच्या मानेवरून एकदा हात फिरवला, गुडघा चोळत बसलेल्या काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "गाळणीचे कागद वरच्या फळीवर आहेत."

तळमजल्यावर राहायला आले त्या दिवशी काकू काही काम नसताना तीनदा बाहेर जाऊन आल्या. संध्याकाळी दोघं चहा घेत बसले. घर शांत होतं. टप. टप. टप.

"अहो, कॉफी ठेवलीत का?"

"किटली कुठाय?"

दोघांनी न्हाणीघराच्या छताकडे पाहिलं. परातीएवढा ओला डाग होता.

"आपण हे बघितलं नव्हतं का गं?"

"तुम्ही केकपासून हलला नव्हतात."

काका तक्रार करायला वर गेले. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आमच्याकडेही वरूनच येतं. दुसऱ्या मजल्यावरचेही तेच म्हणाले. गळती होती तिसऱ्यावर, आणि लिफ्ट या इमारतीतही नव्हती. काका प्रत्येक मजल्यावर थांबून, पाट्या वाचत वाचत वर गेले आणि बऱ्याच वेळाने धापा टाकत खाली आले.

"काय म्हणाले?"

काका खुर्चीत बसले. "कळवतो म्हणाले."