इंजिन चोरीला न गेल्याची गोष्ट

पोतंभर तूर.

एक मासोळी, जिला आपण कुठे आलोत ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सासऱ्यांची मान, नेहमीसारखी ताठ.

फुस्स!

यातलं काहीच एकमेकांशी जुळत नाही, कबूल. पण माझ्या ताब्यातली वस्तू चोरायची तर चोराला आधी माझे सासरे ओलांडावे लागतात, एवढं आत्ताच सांगून ठेवतो!

आमच्या तांड्याच्या मासेमारी संस्थेला धरणात चालवायला नाव मिळाली, आणि नावेला मागे लावायचं कोरं करकरीत इंजिन. अध्यक्ष बेबीबाईंनी मला बोलावलं.

"हेमसिंग, सोमवारी साऱ्याइसमोर चालवून दाखव. नाव चालवाचं काम तुलेच देतो. पन तवरक इंजिन चोरीले गेलं, तं दिवाळीनंतर जाय ऊस तोडाले!"

ऊसतोड टळणार! मी आणि माझी बायको मंजू या वर्षी आपल्याच घरात झोपणार! मी इंजिनाला नवरीसारखं जपू लागलो. मग थेट आसेगाव गाठलं, सासऱ्यांकडे.

लखीराममामा म्हणजे चोरांचा कर्दनकाळ! शिवारात सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी चोरीला गेल्या, मामांची नाही. कारण मामांची मोटर विहिरीच्या तळाशी, आणि दोरीचं टोक कुठे बांधलंय ते फक्त मामांना ठाऊक.

"जवाई, चोर काय चोरते?"

"काय?"

"दिसते ते! माही मोटर कायम पान्यात. कोनी लावला हात?"

काय ही बुद्धी! आणि हे इंजिन तर नावेचं. त्याचा पंखा पाण्यातच फिरतो. पाण्याचं त्याला काय वावडं?

शनिवारी संध्याकाळी नाव काठाला ठेवून मामांनी आणि मी इंजिन काठाकाठानं पलीकडच्या बाभळीपाशी नेलं आणि दोरीनं धरणात सोडलं. ते बुडबुड करत खाली गेलं. मला वाटलं, समाधानानं!

रविवारी मंजूनं विचारलं, "इंजिन कुठी हाय?"

"चोराले काय, तुलेही सापडनार नाही!"

"पान्यात तं नाही ना टाकलं?"

"तुले कसं समजलं?"

"बाप कोनाचा हाय?"

ओढून काढलं तेव्हा इंजिन प्रत्येक भोकातून रडत होतं. झाकण उघडलं तर आत मासोळी. संस्थेची पहिली मासोळी, आणि तीही जाळं न टाकता! मामांकडे मी आदरानं पाहिलं.

"मोबाइल भिजला का तांदळात ठेवतेत," मंजू म्हणाली.

घरात तांदूळ वाटीभर. तूर मात्र पोतंभर! इंजिन रात्रभर तुरीत पुरलं.

सोमवारी सगळा तांडा काठावर. वरचं झाकण काढलेलंच होतं. मी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. फुस्स! पुन्हा ओढली. फुस्स! तिसऱ्यांदा सगळा जीव लावून ओढली, आणि आतलं चाक असं गरगरलं की लग्नातल्या अक्षतांसारखी तूर उडाली! चार दाणे बेबीबाईंच्या चहात पडले.

"इंजिनात तूर कायले भरली रे?"

माझ्या डोळ्यांपुढे उसाचे फड उभे राहिले. तेवढ्यात मामा पुढे आले. तीच ताठ मान!

"बेबीबाई, तुमी काय म्हनलं होतं? चोरीले जाऊ देऊ नोका. गेलं का चोरीले?"

बेबीबाईंनी कपातले चारही दाणे एकेक करून वेचले.

"नाही गेलं," त्या शेवटी म्हणाल्या. "आता इंजिनाची दुरुस्ती तुमी करून आना. आन् हेमसिंग, बोलल्याप्रमानं काम तुलेच. इंजिन येईस्तोर वल्हवून चालव. पन आजपासून. आजचे मासे दुपारी वाशीमले पोचले पायजेत, नाही तं दुसरा मानूस पाहू."

मंजू हसली. मामांनी मिशीवर हात फिरवला. असा सासरा नशिबानंच मिळतो! मी ऐटीत नावेत उडी मारली.

शनिवारी संध्याकाळी, आम्ही पलीकडे इंजिन बुडवत होतो तेव्हा, नावेतली दोन्ही वल्ही चोरीला गेली होती.