अकरा चावे आणि एक रहिवासी दाखला

"पंधरा मिनिटांचं काम आहे!" ड्वेन कुबिचेकने जाहीर केलं, आणि समोरच्या मक्याच्या कणसाला असा काही दात लावला, की जणू ते कणीस नसून कॉलेजची कचेरीच आहे!

काम होतं त्याच्या बायकोचं. सुवार्नी सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन जावाहून नेब्रास्कातल्या वेल्बी गावात आली होती. गाव असं, की माणसांपेक्षा गाई जास्त आणि गाईंपेक्षा वारा जास्त! गेली चार वर्षं ती डॉक्टर ओक्स यांच्या जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. उंची पाच फुटांना एक इंच कमी. पण बिथरलेलं घोडं असो नाहीतर फिस्कारणारं मांजर असो, डॉक्टरांची एकच हाक, "सुवार्नी, धर!" आणि तिने धरलं की बैलसुद्धा जरा विचार करायचा.

आता चौतिसाव्या वर्षी तिला राज्याच्या कॉलेजात पशुवैद्यकीय सहायकाच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. जागा अठ्ठावीस आणि अर्ज तीनशे! ते पत्र तिने फ्रिजच्या दारावर चिकटवलं होतं. दूध घ्यायला फ्रिजपाशी गेली तरी एकदा पहिल्या ओळीपासून वाचून घ्यायची.

आठवड्याने दुसरं पत्र आलं. "आपली नोंद परराज्यातील विद्यार्थी म्हणून झाली असून आपल्याला तिप्पट फी लागू होईल. आपण बारा महिने या राज्याच्या रहिवासी असल्याचं एक ऑगस्टपूर्वी सिद्ध करावं. अन्यथा..." अन्यथा काय, ते स्वच्छच होतं. तिप्पट फी भरणं म्हणजे ट्रक विकणं, आणि ट्रकवरच तर ड्वेनचं पोट!

"अगं, पण त्यात एवढं काय?" ड्वेन म्हणाला. "रहिवाशाची बायको ती आपोआप रहिवासी. नियमच आहे! आणि आमची तर इथली पाचवी पिढी. माझे खापरपणजोबा आले तेव्हा इथे साधं कुंपण नव्हतं! मी नुसता जाऊन उभा राहिलो तरी पुरे."

"उभा राहा," त्याची आई आर्लीन म्हणाली. "पण दाढी करून राहा."

कॉलेजच्या कचेरीत मिसेस हॅलोरन नावाच्या बाई बसल्या होत्या. चष्म्याला साखळी आणि आवाजात इस्त्री!

"आडनाव?" त्यांनी विचारलं.

"नाही," सुवार्नी म्हणाली.

"सांगायचं नाही?"

"नाहीच आहे. आमच्याकडे पुष्कळांना एकच नाव असतं. माझ्या वडिलांनाही एकच होतं, आणि त्यांचं काही अडलं नाही."

"माझ्या संगणकाचं अडतं! तो जागा रिकामी सोडू देत नाही."

हे दुखणं जुनंच होतं. ग्रीन कार्डावर तिचं नाव होतं 'अज्ञात सुवार्नी'. बँकेने रिकामी जागा भरायला 'सुवार्नी सुवार्नी' केलं होतं. गावच्या ग्रंथालयात ती 'सू कुबिचेक' होती, आणि विम्याच्या कार्डावर चक्क 'श्रीमती नाव नाही'! मिसेस हॅलोरननी चारही कार्डं पत्त्याच्या डावासारखी टेबलावर मांडली.

"यातली कुठली बाई नेब्रास्कात राहते?"

"चौघीही," सुवार्नी म्हणाली. "एकाच खोलीत."

ड्वेनला आता राहवेना. बायकोला हलकेच बाजूला सारत तो पुढे झाला. "नावाचं राहू द्या हो, बाई! मी इथला रहिवासी, ही माझी बायको. हा आमच्या लग्नाचा दाखला आणि हा माझा वाहन परवाना. संपलं!"

मिसेस हॅलोरननी परवाना उचलला. पुढून पाहिला. मागून पाहिला.

"मिस्टर कुबिचेक, हा परवाना साउथ डकोटाचा आहे."



"अहो, तो नुसता ट्रकपायी!" ड्वेन म्हणाला. "तिकडे नंबरप्लेट स्वस्त पडते. पत्रं घ्यायला सीमेपलीकडे एक छोटासा खोका भाड्याने घेतलाय, तेवढंच. पुष्कळ ट्रकवाले करतात!"

"म्हणजे तुम्ही साउथ डकोटात एका खोक्यात राहता."

"मी इथे राहतो! वेल्बीत!"

"घर कुणाच्या नावावर?"

"आईच्या."

"वीज?"

"आईच्या."

"फोन?"

"...आईच्याच."

"आपलं वय?"

"बेचाळीस."

मिसेस हॅलोरननी कागदावर काहीतरी लिहिलं. ते वयापेक्षा बरंच लांबलचक होतं.

"सुवार्नीबाई," त्या म्हणाल्या, "परराज्यातल्या माणसाची पत्नी म्हणून तर तुम्हाला सवलत देता येत नाही. तुमचं तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. पंचवीस जुलैला समितीपुढे या."

ड्वेनचा चेहरा बिटासारखा झाला होता. परत येताना चाळीस मैल त्याने बायकोला बोलू दिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच!

घरी आर्लीनबाई वाटच बघत होत्या. हिवाळ्यापासून त्या काठी घेऊन चालायच्या, पण रागावायला त्यांना काठी लागत नसे.

"चार हिवाळे काढले आपल्या माणसांनी मातीच्या घरात! टोळांनी पीक खाल्लं, तरी हलले नाहीत! आणि तू? नंबरप्लेटसाठी राज्य सोडलंस?"

"सोडलं कुठे, आई? मी इथेच तर जेवतोय!"

"मग जेवण झालं की ताट विसळून ठेव. परराज्यातल्या पाहुण्यांना इथे फुकट वाढत नाही!"

दुसऱ्या दिवशी ड्वेन निमूट रांगेत उभा राहिला आणि नेब्रास्काचा परवाना घेऊन आला. पण त्यावर तारीख होती त्याच दिवसाची. सरकारी हिशेबाने पाचव्या पिढीचा कुबिचेक राज्यात आजच दाखल झाला होता!

"राहू दे," सुवार्नी म्हणाली. "माझी मी सिद्ध करीन." ती हे भांडून म्हणाली नाही. घोड्याचा खूर हातात घेताना ती जशी ताठ व्हायची, तशी मात्र झाली.

पण सिद्ध करायचं कशाने? ग्रंथालयाच्या कार्डावर तारीख नव्हती, आणि वाहन परवाना मिळून तिला दोनच महिने झाले होते. पगाराचे कागद होते, तर मिसेस हॅलोरन फोनवर म्हणाल्या, "त्यावरून तुम्ही इथे काम करता एवढंच कळतं. सीमेपलीकडून कामाला येणारे पुष्कळ आहेत. घरचा पत्ता, तारीख आणि सही असलेलं काहीतरी हवं. दर महिन्याचं!"

सुवार्नीने डॉक्टर ओक्सना विचारलं. डॉक्टर माणूस देवगुणी, पण त्यांचं कपाट म्हणजे भूकंपानंतरचं गाव! दार उघडलं तशी एक लाल फाइल थेट त्यांच्या पायावर पडली.

"ही तुझ्या चाव्यांची," डॉक्टर पाय चोळत म्हणाले.

सुवार्नी पाहतच राहिली. जनावर चावलं की सरकारी आरोग्य कचेरीत कळवायचं, हा दवाखान्याचा शिरस्ताच होता. फॉर्मवर तारीख, चावा बसलेल्याच्या घरचा पत्ता, सही, सरकारी शिक्का! आणि सगळे फॉर्म तिने स्वतःच्या हाताने भरलेले. नाव: सुवार्नी. पुढे काही नाही, मागे काही नाही.

बारा महिन्यांत अकरा चावे होते!

"अकरा?" ड्वेन ओरडला. "मला तर तू तीनच सांगितलेस!"

"टाके पडलेले तीन. बाकीचे नुसते चावे."

पंचवीस जुलैला समितीच्या खोलीत प्राध्यापक स्ट्राउड नावाचे किडकिडीत अध्यक्ष आणि शेजारी मिसेस हॅलोरन बसल्या होत्या. इकडे सुवार्नी, नव्या परवान्यासह ड्वेन, आणि 'मी घरी बसणार नाही' म्हणून आलेल्या आर्लीनबाई. प्राध्यापकांनी फाइल उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"ऑगस्ट. मांजर, नाव प्रिन्सेस, डावा अंगठा. सप्टेंबर. घोडा, खांदा. ऑक्टोबर. मांजर, प्रिन्सेस, उजवा अंगठा. ही तीच का?"

"तीच. दोन्ही हातांना सारखा मान देते."

"नोव्हेंबर. पोपट, कान." प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, चावल्यावर यातल्या किती वेळा जनावर तुमच्या हातून सुटलं?"

"एकदाही नाही," सुवार्नी म्हणाली. तिने दोन्ही बाह्या वर केल्या आणि टेबलाजवळ गेली. एकेका व्रणावर बोट ठेवून तिने महिने सांगितले. एखाद्या सेनापतीने पदकं दाखवावीत, तसे!

मिसेस हॅलोरनसुद्धा उठून बघू लागल्या. "इतकं नियमितपणे चावून घ्यायला कुणी दुसऱ्या राज्यातून येणार नाही," त्या पुटपुटल्या.

"पण फेब्रुवारी?" प्राध्यापक पानं उलटत म्हणाले. "फेब्रुवारीत एकही चावा नाही. दवाखान्याच्या हजेरीतही तुमचं नाव नाही. कुठे होता तुम्ही?"

सुवार्नीने बाह्या खाली केल्या.

"पासपोर्टवरून देशाबाहेर नव्हता हे दिसतंय. पण यजमान तेव्हा साउथ डकोटाचे होते. त्यांच्याकडे राहायला गेला होता का?"

"त्यांच्या खोक्यात?" मिसेस हॅलोरनच्या तोंडून निघून गेलं.

"सांग ना!" ड्वेन कुजबुजला. सुवार्नीने नकारार्थी मान हलवली. तिने शब्द दिला होता, आणि जनावर काय, शब्द काय, एकदा धरला की सोडायची तिला सवय नव्हती. एक जागा, चार वर्षांची मेहनत, फ्रिजवरचं पत्र, सगळं त्या एका रिकाम्या महिन्यावर येऊन अडलं होतं.

तेवढ्यात काठी जमिनीवर आपटली.

"फेब्रुवारीत मी चावले!" आर्लीनबाई म्हणाल्या.

प्राध्यापकांच्या हातातलं पान अर्ध्यातच राहिलं.

"माझं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर ताप चढला, शुद्ध हरपली. हा ट्रक घेऊन टेक्सासात. ही चार आठवडे बिनपगारी रजा घेऊन माझ्या पलंगाशी जमिनीवर झोपली. गोळी द्यायला आली, तर मला वाटलं कुणीतरी माझ्या कोंबड्या चोरायला आलंय. कडकडून चावले मी हिला! यातलं अक्षरही बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. मला लाज वाटत होती." बाईंनी काठी सुवार्नीकडे वळवली. "मी चावत होते, तरी हिने माझा हात सोडला नाही. आता तुम्ही मला विचारता, ही राहते कुठे?"

सुवार्नीने मुकाट्याने मनगट पुढे केलं. तिथे एक लहानसा अर्धगोल होता.

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. दोनदा. "हे... लेखी द्याल का?"

मिसेस हॅलोरन इतक्या भारावल्या होत्या, की त्यांनी फाइलमधला कोरा चाव्याचा फॉर्मच पुढे ओढला आणि सवयीने विचारायला लागल्या.

"जनावराचा प्रकार?"

"सासू लिहा," आर्लीनबाई म्हणाल्या.

"लस टोचलेली आहे?"

"फ्लूची."

दहा मिनिटांत शिक्का बसला. सुवार्नी, एवढ्या एकाच नावाची बाई, नेब्रास्काची रहिवासी! मिसेस हॅलोरननी संगणकाला कसं पटवलं ते त्यांनाच ठाऊक. ड्वेनने छाती फुगवली. "मी म्हणालोच होतो," तो म्हणाला.

"मिस्टर कुबिचेक," मिसेस हॅलोरन म्हणाल्या, "तुम्हाला कधी इथे शिकावंसं वाटलं, तर बायकोचा दाखला जोडा. रहिवाशाचे पती म्हणून तुम्हालाही सवलत मिळेल."

परतताना आर्लीनबाई पुढच्या सीटवर सुवार्नीचा हात धरून बसल्या. ड्वेन मागे बसला. गाडी सुवार्नी चालवत होती, दुसऱ्या हाताने!

संध्याकाळचं जेवण झाल्यावर, म्हणजे तिकडे जावात सकाळ झाल्यावर, तिने आईला फोन लावला. दाखला कॅमेऱ्यापुढे धरला. समिती, शिक्का, अकरा चावे, सगळं एका दमात सांगितलं. आई शांतपणे चहा ढवळत ऐकत होती.

"म्हणजे तू तिथेच राहतेस, हे आज ठरलं?" तिने विचारलं.

"हो, इबू! किती दिवस झगडले माहितीये?"

"मग मला विचारायचं ना, बाई! सहा वर्षांत एका ईदला घरी आली नाहीस. मी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं असतं."

फोन ठेवल्यावर ड्वेनने उत्सुकतेने विचारलं, "काय म्हणाल्या आई?"

"अभिनंदन म्हणाली," सुवार्नी म्हणाली, आणि पुढच्या ईदच्या सुमाराची विमानाची तिकिटं बघायला बसली.