यार्मोची सासूभाषा

थाई व्हायचं, असं यार्मोने ठरवलं ते पलंगावर बसून. देशप्रेम, संस्कृती वगैरे त्या क्षणी त्याच्या मनात काही नव्हतं. समोर सासूबाई कॅमेरा धरून उभ्या होत्या, एवढंच.

त्याचं असं होतं. यार्मो मूळचा फिनलंडचा. चारुणीशी लग्न करून तो थायलंडच्या दक्षिणेला, त्रांगला आला, रबराच्या झाडांचं लाकूड कापणाऱ्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करू लागला, आणि दरवर्षी एकदा, स्वतःच्याच बायकोपाशी राहण्याची परवानगी सरकारकडे मागू लागला. त्यासाठी संसार खरा असल्याचे फोटो लागत. नवराबायको दारात, नवराबायको स्वयंपाकघरात, नवराबायको पलंगावर (पूर्ण कपड्यांत आणि हसतमुख). फोटो काढायचा मान सासूबाईंचा. पलंगापाशी आल्या की त्या दरवर्षी ओरडायच्या, "अरे फिरंग्या, सरक की जरा तिच्याजवळ! बायको आहे ती, फणसाचं झाड नाही!" घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचीच खानावळ होती. भात-कालवण जेवणाऱ्या गिऱ्हाइकांना हे सगळं स्वच्छ ऐकू जायचं.

त्या वर्षी खालून टाळ्या पडल्या.

यार्मोचे कान लाल झाले. तो म्हणाला, "चारुणी, बास झालं. मी आता थाईच होऊन टाकते."

हो, टाकते. छापण्यातली चूक नाही. दाराच्या प्रत्येक चौकटीला कपाळ आपटणारा हा दांडगा माणूस असंच बोलायचा. कारण त्याला थाई शिकवली ती सासूबाईंनी. चारुणी दिवसभर बँकेत, कारखान्यातली यंत्रं मुकी. तेव्हा भाषा म्हणून जी काही कानावर पडली ती सुट्टीच्या दिवशी खानावळीत, सासूबाईंच्या शेजारी बसून लसूण सोलताना. सासूबाईंचं नाव लमै. लमै म्हणजे नाजूक, मऊ. (नाव ठेवलं तेव्हा त्या तान्ह्या होत्या आणि बोलायला लागल्या नव्हत्या.) त्यांची थाई दक्षिणेकडची, भरधाव, शब्दांची शेपटं तोडत पळणारी, आणि बाजारातल्या बाईची. यार्मोने ती आदराने, जशीच्या तशी उचलली.

मासळीबाजारात तो उभा राहून म्हणायचा, "अगं बाई! मेल्या, बांगडा विकतोस की सोनं?" कोळी हसून हसून मासा हातातून सोडायचे. आपण काहीतरी फार नेमकं बोललो, असं यार्मोला वाटायचं. त्याला कुणी सुधारलं नाही. बाजाराची एवढी करमणूक कोण बंद करील?

चारुणीला धोका कळला तो बँकॉकहून नागरिकत्वाच्या मुलाखतीचं बोलावणं आल्यावर. तिने त्याला समोर बसवलं. "यार्मो, तिथे मोठमोठे साहेब असतील. म्हण बघू, 'मी येतो.'"

"मी येतो."

"शाब्बास. 'साहेब' म्हण."

"साहेब."

"आता सबंध म्हण."

"मी येते, मेल्या."

रोज संध्याकाळी हे चाललं. शेवटी तिने त्याच्याकडून एकच वाक्य घोकून घेतलं: "या देशाच्या परंपरेबद्दल मला नितांत आदर आहे, साहेब." काहीही विचारलं तरी हेच म्हणायचं, बाकी मी बघते, असं ठरलं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण निघायच्या दिवशी लमैबाई नवं लुगडं, म्हणजे त्यांचं ठेवणीतलं फुलाफुलांचं सारोंग नेसून दारात उभ्या. "परीक्षेला पोराला उपाशी पाठवता? मी येणार." हातात चार पुडांचा डबा. त्यात माशाच्या आतड्यांचं तिखटजाळ कालवण. त्रांगमध्ये त्या वासाने माणसं खानावळीकडे वळतात. आगगाडीत मात्र पहाटेपर्यंत त्यांच्या आजूबाजूची बाकं रिकामी झाली होती, आणि लमैबाई ऐसपैस पाय पसरून झोपल्या होत्या.

बँकॉकच्या स्टेशनात उतरले तेव्हा आठ वाजत आले होते. लमैबाई पुढे, डबा यार्मोकडे. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि बोट उगारलं. "अरे वाकडा धरलायस तो! कालवण सां—"

आणि आठाच्या ठोक्याला, रोजच्याप्रमाणे, कर्ण्यांवर राष्ट्रगीत सुरू झालं.

सगळं स्टेशन थिजलं. पळत सुटलेला माणूस थांबला. हमाल थांबले, शाळेची पोरं थांबली, चहावालीच्या हातातली पळी थांबली. लमैबाई तोंडातला शब्द तोंडातच ठेवून, बोट हळूच खाली घेऊन ताठ उभ्या राहिल्या. यार्मोही उभा राहिला. त्रांगच्या बाजारात त्याने हे कितीदा पाहिलं होतं; पण एवढ्या उंच छताखाली, एवढी हजारो अनोळखी माणसं एका सुरासाठी आपापलं घाईचं काम सोडून देतात, हे पाहून त्याच्या अंगावर काटा आला. आपणही यांच्यातलेच एक होणार, असं त्याच्या मनात आलं. डबा तिरकाच होता. कालवणाची बारीक धार त्याच्या पँटवरून बुटात चालली होती. तो हलला नाही.

गीत संपलं.

"—डतंय की, मुडद्या!" लमैबाईंनी वाक्य पुरं केलं आणि चालू लागल्या.

मुलाखतीच्या खोलीत लांब टेबलामागे समितीची माणसं बसली होती. मध्ये अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, जाड चष्म्याचे, आयुष्यात एकदाही हसले नसावेत असे. लमैबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. यार्मो आणि चारुणी आत. यार्मोबरोबर कालवणाचा वासही आत आला. एका सदस्याने खिडकी उघडली.

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "प्रवास कसा झाला?"

नितांत आदराचं वाक्य यार्मोच्या जिभेवर तयार होतं. पण प्रश्न इतका साधा आला, की तो फसला. "अगं बाई, काय सांगू!" तो म्हणाला. "मेली गाडी नुसती हिसडे देत होती, सगळी रात्र जागी होते मी."

सदस्य एकमेकांकडे पाहू लागले.

चारुणी घाईने म्हणाली, "साहेब, त्यांचं म्हणणं असं, की रेल्वेच्या उत्तम व्यवस्थेमुळे आपल्या सुंदर देशाचं दर्शन घेता आलं."

"घरची कामं करता का?"

"न करून कुणाला सांगते? थेरडी जिवंत सोडेल होय मला!"

"ते म्हणतात, वडीलधाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली आनंदाने करतो."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, मी बँकॉकचा आहे, बहिरा नाही. यातलं निम्मं मला कळलं नाही, पण जे कळलं त्यात आनंद कुठेच नव्हता. यांना ही थाई शिकवली कुणी?"

चारुणीचा आवाज बसला. "माझ्या आईने."

"कुठे असतात त्या?"

"बाहेर बाकावर."

"बोलवा."

इतकी वर्षं मिळवलेलं सगळं आता बुडालं, असं यार्मोला वाटलं. सासूबाईंनी आजवर त्याला एक चांगला शब्द दिलेला नव्हता. फिरंग्या, मुडद्या, मेल्या, एवढीच त्याची बारशी. जावई म्हणून त्यांनी आपल्याला मनातून पत्करलं तरी आहे का, हे त्याला कधी कळलं नव्हतं, आणि विचारायची हिंमतही झाली नव्हती.

लमैबाई आल्या. दारात थबकल्या, टेबलाकडे पाहिलं, आणि हात जोडून गुडघ्यांत वाकल्या. मग त्यांनी तोंड उघडलं. राजधानीची शुद्ध भाषा त्यांना एकाच ठिकाणाहून ठाऊक होती, ती म्हणजे टीव्हीवरच्या राजवाड्याच्या मालिका.

"महोदय," त्या म्हणाल्या, "क्षमा असावी. मी या जामाताची श्वश्रू."

अध्यक्षांना ठसका लागला. पाण्याचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, "यांना आम्ही थाई का करावं, असं तुम्हाला वाटतं?"

लमैबाई क्षणभर गप्प राहिल्या. (यार्मोने त्यांना गप्प पाहिलं ते राष्ट्रगीतानंतर पहिल्यांदाच.)

"महोदय, माझे पतिदेव निवर्तले. मला पुत्र नाही. चितेपुढे पुत्राने श्रामणेर, एका दिवसाचा भिक्खू, होऊन उभं राहावं, अशी आमची रीत. मी कुणाला काही म्हणाले नाही. पहाटे उठून पाहते, तर हा विहारात जाऊन डोकं, भुवया भादरून आलेला. भिक्खूंकडे याच्या मापाचं चीवर नव्हतं. गुडघ्यापर्यंतच येत होतं. लोक हसले. हा हसला नाही. दिवसभर उन्हात, अनवाणी, माझ्या धन्याच्या चितेपुढे उभा होता. त्या दिवशी मी ठरवलं, मला पुत्र नाही असं आता म्हणायचं नाही. महोदय, तुम्ही याला काहीही करा. माझ्या घरी तो केव्हाच झालेला आहे."

यार्मो आ वासून पाहत राहिला. हीच ती बाई? याच तोंडातून हे शब्द? एखाद्या डोंगरामागून अचानक समुद्र दिसावा, तसं त्याला झालं. चारुणी डोळे पुसत होती. खिडकीपाशी बसलेले सदस्यही नाक पुसत होते, पण ते कदाचित कालवणामुळे असेल.

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा लावून यार्मोकडे पाहिलं. "शेवटचा प्रश्न. तुम्हाला थाई का व्हायचंय?"

नितांत आदराचं वाक्य आता आठवणं शक्यच नव्हतं. यार्मोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो म्हणाला, "अगं बाई, आता मी मेली जाणार तरी कुठे? माझं सासर-माहेर सगळं हेच!"

आयुष्यात न हसलेले अध्यक्ष टेबलावर डोकं टेकून हसले.

बाहेर आल्यावर यार्मोने भीत भीत विचारलं, "आई, तुम्ही आत जे बोललात..."

"काय बोलले?"

"ते श्रामणेराचं. पुत्राचं."

"ती सरकारी भाषा," लमैबाई म्हणाल्या. "सरकारी भाषेत सगळेच गोड बोलतात. बूट पूस तो आधी."

पुढे पुष्कळ महिने गेले. मग मंजुरी आली, शपथ झाली, आणि एका सकाळी यार्मो तालुक्याच्या कचेरीतून आपलं थाई ओळखपत्र घेऊन खानावळीत आला. गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. लमैबाईंनी हात सारोंगला पुसून कार्ड घेतलं, नवऱ्याच्या तसबिरीपुढे ठेवलं, उदबत्ती लावली, हात जोडले. यार्मो पुन्हा भारावून गेला. आज सासूबाई आपल्याशीही ती राजवाड्याची भाषा बोलणार, अशी त्याची खात्री झाली.

त्या वळल्या. "झालास?"

"झाले."

"म्हणजे आता पाहुणा नाहीस?"

"नाही, आई."

"बरं झालं," म्हणून लमैबाईंनी मोठा श्वास घेतला. आणि मग जे सुरू झालं, तसं यार्मोने आजवर ऐकलं नव्हतं. आधीची सगळी वर्षं ही बाई त्याच्याशी जपून बोलत होती, हे त्याला त्या क्षणी कळलं. शब्द धबधब्यासारखे कोसळत होते. गिऱ्हाइकांचे चमचे हवेत थांबले. नाक्यावरचा रिक्षावाला रिक्षा बंद करून ऐकायला आला. यार्मो थक्क होऊन, जवळजवळ भक्तिभावाने ऐकत होता. त्यातलं एक अक्षर त्याला समजत नव्हतं.

पूर ओसरल्यावर तो चारुणीच्या कानाशी वाकला. "काय म्हणाल्या?"

चारुणी कानापर्यंत लाल झाली होती. "तू रोज जेवणानंतर पातेली घासतोस ना, त्याबद्दल होतं."

यार्मोचा चेहरा उजळला. "कौतुक?"

"नाही," चारुणी म्हणाली. "तू पाहुणा म्हणून ती इतकी वर्षं काही बोलली नाही. तू वर झोपायला गेलास की ती सगळी पुन्हा घासायची."